युरोपचा इतिहास, ग्रीक-रोमनांपासून आधुनिक काळाच्या उंबरठ्यापर्यंत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

युरोपचा इतिहास मराठीतून वाचू पाहणाऱ्यांकडून हे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात. काही उत्तरं लांबली आहेत, कारण खरी गोडी तिथेच आहे.

प्राचीन काळापासून आधुनिक काळाच्या आरंभापर्यंत म्हणजे नेमकी कुठली वर्षं?

ढोबळमानाने इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकापासून १७८९ च्या फ्रेंच राज्यक्रांतीपर्यंत. त्यात प्राचीन काळ साधारण पाचव्या-सहाव्या शतकापर्यंत, मध्ययुग पंधराव्या शतकाच्या अखेरीपर्यंत आणि पुढची तीनशे वर्षं आरंभीच्या आधुनिक काळाची. या रेघा नंतरच्या लोकांनी आखल्या आहेत. इसवी सन १००० मध्ये जगणाऱ्या कुणालाही आपण ‘मध्ये’ आहोत असं वाटत नव्हतं. रेघा कामापुरत्या वापरा, त्यांच्यावर विश्वास ठेवू नका.

दोन हजारांहून जास्त वर्षं! सुरुवात कुठून करू?

बहुतेक जण प्राचीन ग्रीक कवी होमरपासून सुरू करतात आणि रोमच्या प्रजासत्ताकाशी पोचेपर्यंत दमतात. माझा सल्ला वेगळा आहे. एक माणूस निवडा आणि त्याचा हात धरून मागे जा. मराठी वाचकासाठी गार्सिया द ओर्ता याच्यासारखा दुसरा वाटाड्या मला सुचत नाही.

ओर्ता हा पोर्तुगीज वैद्य. जन्म १५०१ च्या आसपास, स्पेनच्या सीमेलगतच्या कास्तेलो द विदे या गावी. घराणं मूळचं ज्यू. १४९२ मध्ये स्पेनच्या राज्यकर्त्यांनी ज्यूंना देशाबाहेर काढलं, तेव्हा अनेक कुटुंबं पोर्तुगालमध्ये आली आणि १४९७ मध्ये तिथेही त्यांच्यावर बाप्तिस्मा लादला गेला. असं वरून ख्रिस्ती झालेलं हे घर. मुलगा सालामांका आणि अल्काला इथल्या विद्यापीठांत वैद्यक शिकला. तिथे शिकवत काय, तर दुसऱ्या शतकातला ग्रीक वैद्य गॅलन, पहिल्या शतकातला वनस्पतींचा जाणकार डायोस्कोरिडीस आणि अकराव्या शतकातला वैद्य इब्न सिना. म्हणजे सोळाव्या शतकातल्या या विद्यार्थ्याच्या बाकावर प्राचीन ग्रीस आणि बुखारा-हमदानचं अरबी वैद्यक शेजारी शेजारी बसलं होतं.

१५३४ मध्ये तो गोव्यात आला. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशाहाच्या दरबारी त्याची वैद्य म्हणून ये-जा होती. मुंबईचं बेट त्याला खंडाने मिळालं होतं आणि तिथल्या आंब्यांबद्दल त्याने आवडीने लिहिलं आहे. १५६३ मध्ये गोव्यातच त्याचा ग्रंथ छापून झाला. भारतातल्या औषधी वनस्पतींबद्दलचे संवाद, एका बाजूला तो स्वतः आणि दुसऱ्या बाजूला सालामांकाहून आलेला रुआनो नावाचा कल्पित मित्र. रुआनो पुस्तकातले दाखले देतो आणि ओर्ता सांगतो की मी डोळ्यांनी असं पाहिलं. ग्रीकांच्या विरुद्ध बोलायची हिंमत मला स्पेनमध्ये झाली नसती, असंही तो मोकळेपणी म्हणतो. चारच वर्षांनी क्लूसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाने त्याचा लॅटिन संक्षेप काढला आणि प्राचीन ग्रीकांपासून चालत आलेल्या कित्येक समजुती युरोपभर तपासल्या जाऊ लागल्या.

आणि शेवट? ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्या वर्षी त्याच्या बहिणीला, कातारिनाला, गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे धर्माविरुद्ध वागणाऱ्यांना शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, जिवंत जाळलं. १५८० मध्ये खुद्द ओर्ताची हाडं उकरून जाळली.

या एका आयुष्यातून वाटा फुटतात. गॅलनमागे गेलात की रोमन साम्राज्य, इब्न सिनामागे गेलात की बाराव्या शतकात टोलेडोमध्ये झालेली अरबी ग्रंथांची लॅटिन भाषांतरं, इन्क्विझिशनमागे गेलात की तेराव्या शतकातला दक्षिण फ्रान्स. जिथे कुतूहल जास्त, तिथे आधी जा. सगळं क्रमाने वाचायची सक्ती नाही.

हा आपल्यापासून फार लांबचा इतिहास नाही का?

लांबचा आहे, पण आपल्या भाषेत त्याचे तीन शब्द मुरलेले आहेत: यवन, रूमी आणि फिरंगी.

‘यवन’ हा ‘आयोनिया’वरून आला. आयोनिया म्हणजे आजच्या तुर्कस्तानाच्या पश्चिम किनाऱ्यावरचा ग्रीक वस्त्यांचा पट्टा. इराण्यांनी सगळ्या ग्रीकांना तेच नाव दिलं आणि ते आपल्याकडे पोचलं. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांचं दान देणाऱ्या यवनांचे लेख आहेत. त्यातले सगळे ग्रीकच होते असं नाही, शब्द तेव्हाच सैल झाला होता. पुढे तो मुसलमानांसाठी वापरला जाऊ लागला.

‘रूमी’ म्हणजे रोमचा. विजापूरच्या बुरुजावरची मुलूखमैदान तोफ अहमदनगरला १५४९ मध्ये ओतली गेली आणि ओतणाऱ्याच्या नावापुढे ‘रूमी’ आहे. तो इटलीचा नव्हे, उस्मानी तुर्कांच्या मुलखातला. पूर्वेकडचं रोमन साम्राज्य जिथे होतं त्या भूमीला अरब, इराणी आणि तुर्क ‘रूम’च म्हणत राहिले.

‘फिरंगी’ आला फ्रँक लोकांवरून. शार्लमेन याच फ्रँकांचा राजा, ८०० सालच्या नाताळात रोममध्ये पोपने त्याला सम्राटपदाचा मुकुट घातला. जेरुसलेमसाठी ख्रिस्त्यांनी केलेल्या धर्मयुद्धांच्या काळात पश्चिम युरोपातून आलेल्या कुणालाही अरब ‘फरंज’ म्हणत, फारसीतून ते ‘फिरंगी’ झालं आणि आपण ते पोर्तुगिजांना लावलं.

एक शब्द प्राचीन काळातला, एक बिझंटाइन म्हणजे पूर्वेकडच्या रोमन साम्राज्याचा, एक मध्ययुगातला. आणि तिन्ही शब्द बाहेरच्यांनी युरोपियांना दिलेले! माझ्या मते हा विषय वाचताना हे कायम ध्यानात ठेवावं. अथेन्सपासून लंडनपर्यंत सरळ चालत आलेला ‘पश्चिम’ नावाचा कुणी एक माणूस नव्हता. बराच काळ ‘युरोप’ हे फक्त नकाशावरचं नाव होतं.

रोमन साम्राज्य ४७६ मध्ये कोसळलं, बरोबर ना?

परीक्षेत लिहायला बरोबर. पण त्या वर्षी घडलं ते पाहा. ओडोएसर नावाच्या सेनानीने रोम्युलस ऑगस्टुलस या पोरसवदा सम्राटाला गादीवरून काढलं. मारलं नाही, तनखा बांधून दक्षिणेकडे पाठवून दिलं. राजचिन्हं कॉन्स्टँटिनोपलला (आजच्या इस्तंबूलला) पूर्वेकडचा सम्राट झेनो याच्याकडे रवाना केली, म्हणजे पश्चिमेला आता वेगळा सम्राट नको, तुम्ही आहातच. रोमचं सिनेट पुढेही भरत राहिलं. शिवाय आधीचा सम्राट ज्यूलियस नेपोस डाल्मेशियात, म्हणजे आजच्या क्रोएशियाच्या किनाऱ्यावर, ४८० पर्यंत जिवंत होता आणि कायद्याने तोच खरा असं मानणारे होते.

पूर्वेकडचं साम्राज्य त्यानंतर जवळजवळ हजार वर्षं चाललं. त्याला आपण ‘बिझंटाइन’ म्हणतो, पण हे नाव रूढ झालं सोळाव्या शतकातल्या जर्मन विद्वानांमुळे. ते लोक स्वतःला रोमनच म्हणवत. ग्रीक बोलत, पण रोमन. १२०४ मध्ये त्यांची राजधानी लुटली ती ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांनीच, आणि १४५३ मध्ये तुर्कांनी ती घेतली.

मग काहीच कोसळलं नाही का? असंही म्हणू नये. काही अभ्यासक ‘पतन’ऐवजी ‘स्थित्यंतर’ हा शब्द पसंत करतात आणि राजवाड्यांतून पाहिलं तर तो पटतो. पण जमिनीखाली पाहा. ब्रिटनमध्ये पाचव्या शतकात चाकावरची चांगली मडकी, भाजलेली कौलं, रोजच्या व्यवहारातली नाणी दिसेनाशी होतात. ऑगस्टसच्या काळात दहा लाखांच्या घरात असलेली रोम शहराची वस्ती सहाव्या शतकात लाखाच्या बरीच खाली आली. साध्या माणसाच्या डोक्यावरचं कौल गेलं, हे मला सम्राटाची गादी जाण्यापेक्षा मोठं वाटतं.

मध्ययुग हे अंधारयुग होतं का?

ही चौदाव्या शतकातल्या पेट्रार्क या इटालियन कवीची तक्रार. त्याला रोमन वक्ता सिसेरो याच्या तोडीचं लॅटिन आपल्या आसपास दिसेना. पुढच्यांनी ती तक्रार हजार वर्षांवर पसरली. त्याच हजार वर्षांत बोलोन्या, पॅरिस, ऑक्सफर्डची विद्यापीठं उभी राहिली, चष्मा आला, यांत्रिक घड्याळ आलं.

उलट मध्ययुगाच्या माथी मारलेलं एक पाप नंतरचं आहे. चेटकीण ठरवून बायांना मारण्याची लाट प्रामुख्याने सोळाव्या-सतराव्या शतकातली. साधारण १४५० ते १७५० या काळात चाळीस ते पन्नास हजार माणसांना त्यापायी देहदंड झाला असा अंदाज आहे, आणि त्यात बहुसंख्य स्त्रिया. खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर ग्रहांच्या गतीचे नियम मांडत होता त्याच वर्षांत त्याच्या आईवर चेटुकाचा खटला चालू होता. त्याने स्वतः बचाव उभा करून १६२१ मध्ये तिला सोडवलं. म्हातारी वर्षभराहून जास्त साखळदंडात होती. विज्ञानक्रांती आणि चेटकिणींचे खटले एकाच घरात होते, हे कालपटाच्या तक्त्यावरून कळत नाही.

‘सरंजामशाही’ आणि ‘प्रबोधन’ हे शब्द वापरावेत का?

वापरा, पण जपून. सरंजाम हा मराठेशाहीतला शब्द. फौज बाळगण्यासाठी दिलेला मुलखाचा महसूल, आणि तत्त्वतः तो वंशपरंपरागत नव्हता. वंशपरंपरागत होतं ते वतन. युरोपातल्या जहागिरी एकदा घराण्यात गेल्या की बहुधा तिथेच राहत, आणि धनी व अंकित यांच्यात हातात हात घेऊन शपथ होई. तेव्हा ‘सरंजामशाही’ वाचताना डोळ्यांपुढे शिंदे-होळकर आणू नका. त्यातून तिकडचे अभ्यासकही हा साचा पूर्वीइतक्या खात्रीने वापरत नाहीत, कारण गावोगाव रीत वेगळी होती.

‘प्रबोधन’ची अडचण अशी की आपण तो पंधराव्या शतकातल्या इटलीलाही लावतो आणि अठराव्या शतकातल्या पॅरिसलाही. पहिल्यात माणसं मागे, प्राचीनांकडे बघत होती. दुसऱ्यात पुढे बघत होती. पहिल्याला ‘प्रबोधन’ आणि दुसऱ्याला ‘ज्ञानोदय’ म्हणावं म्हणजे घोळ होत नाही.

एकाच घटनेच्या दोन तारखा का सापडतात?

दोन पंचांगांमुळे. पोप तेरावा ग्रेगरी याने १५८२ मध्ये पंचांग सुधारलं. ४ ऑक्टोबरनंतरचा दिवस थेट १५ ऑक्टोबर. स्पेन, पोर्तुगाल आणि इटलीतल्या राज्यांनी ते लगेच घेतलं. पोपचं आहे म्हणून इंग्लंडने नाकारलं, ते १७५२ पर्यंत.

याचा आपल्याशी थेट संबंध आहे. शिवराज्याभिषेक आपण ६ जून १६७४ चा मानतो. ही जुन्या पंचांगाची तारीख. तेव्हा रायगडावर हजर असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन हेच पंचांग वापरत होता. गोव्यातल्या पोर्तुगीज कारकुनाच्या दृष्टीने तो दिवस १६ जून होता. ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी मात्र दोघांसाठी एकच!

आणखी एक खाच. इंग्लंडमध्ये सरकारी वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून पहिल्या चार्ल्सचा शिरच्छेद त्या वेळच्या कागदांत ३० जानेवारी १६४८ असा आहे आणि आपल्या पुस्तकात १६४९. शुहूर सन आणि शालिवाहन शक जुळवण्याची सवय असलेल्यांना हे जड जाणार नाही.

नावांचंही तसंच. १५०० मध्ये गेंट शहरात जन्मलेला एकच माणूस स्पेनमध्ये पहिला कार्लोस, जर्मनीत पाचवा कार्ल आणि इंग्रजी पुस्तकात पाचवा चार्ल्स. वहीच्या शेवटच्या पानावर अशा जोड्या लिहीत जा.

जुना कागद खरा की खोटा हे कसं ठरवतात?

सगळ्यात प्रसिद्ध उदाहरण घ्या. सम्राट कॉन्स्टंटाइनने चौथ्या शतकात रोम आणि पश्चिमेचं सगळं राज्य पोपला दान केलं, असा एक दस्त होता. शतकानुशतकं पोपच्या बाजूने तो पुढे केला जाई. १४४० मध्ये लोरेन्झो वाल्ला याने तो बनावट असल्याचं दाखवून दिलं, तेही मुख्यतः भाषेवरून. दस्तात रोमच्या अधिकाऱ्यांमध्ये ‘सत्रप’, म्हणजे इराणी पद्धतीचे सुभेदार, येतात. चौथ्या शतकात रोममध्ये सत्रप कुठून आले? नाशिकच्या लेण्यांतल्या नहपानाच्या लेखांमुळे आपल्या ओळखीचा असलेला ‘क्षत्रप’ तो हाच, मूळचा इराणी. दस्त खरा तर आठव्या शतकाच्या सुमाराचा होता.

इथे एक गोष्ट सुटू नये. वाल्ला तेव्हा नेपल्सच्या गादीसाठी लढणाऱ्या अरागॉनच्या राजाच्या पदरी होता आणि त्या राजाचं पोपशी भांडण चालू होतं. म्हणजे सत्य शोधणाऱ्याचाही ते शोधण्यात स्वार्थ होता. त्याचा निष्कर्ष त्यामुळे खोटा ठरत नाही. पण कुठलाही कागद हाती आला की कुणी लिहिला, कुणासाठी लिहिला, त्या वेळी त्याला काय हवं होतं, हे विचारायचंच. वाल्लालाही विचारायचं.

राजे आणि लढाया सोडून साध्या माणसांचं काही कळतं का?

कळतं, आणि या विषयाचा सगळ्यात मोठा आनंद मला तिथेच मिळतो.

उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा नावाचा रोमन तळ होता. तिथल्या ओल्या मातीत १९७३ पासून पातळ लाकडी पट्ट्या सापडू लागल्या, पोस्टकार्डाएवढ्या, शाईने लिहिलेल्या. त्यातली एक इसवी सन १०० च्या सुमाराची. क्लॉडिया सेवेरा आपल्या मैत्रिणीला, सुल्पिसिया लेपिडिनाला, ११ सप्टेंबरच्या आपल्या वाढदिवसाला बोलावते आहे. मजकूर लेखनिकाच्या वळणदार हातचा, पण शेवटच्या दोन-चार ओळी वेगळ्या, जरा अडखळत्या अक्षरात. त्या तिने स्वतः लिहिल्या आहेत: ये, मी वाट पाहते. स्त्रीच्या हाताने लिहिलेल्या लॅटिनचा हा सगळ्यात जुन्या नमुन्यांपैकी एक. मराठी माणसाला ही रीत परकी वाटायला नको. मोडी पत्रांतही मजकूर कारकुनाचा आणि शेवटी धन्याच्या हातच्या दोन ओळी असतात.

खटल्यांची दप्तरंही अशीच बोलकी असतात. इटलीतल्या फ्रिउली भागातला मेनोक्किओ नावाचा एक पिठाच्या गिरणीवाला १५८४ मध्ये इन्क्विझिशनसमोर उभा राहिला आणि म्हणाला की दुधातून चीज बनावं तसा सुरुवातीच्या गोंधळातून जगाचा गोळा झाला आणि चीजमध्ये किडे व्हावेत तसे त्यात देवदूत झाले. १५९९ मध्ये त्याला मारलं. ज्यांनी मारलं त्यांनीच त्याचा शब्द न् शब्द लिहून ठेवला, म्हणून तो आपल्याला ऐकू येतो.

१३४७ च्या शरद ऋतूत सिसिलीतल्या मेसिना बंदरात प्लेग उतरला. चार-पाच वर्षांत युरोपातली तिसरा हिस्सा ते निम्मी माणसं गेली. रोगजंतू तोच, जो १८९७ च्या पुण्याने पाहिला. लंडनच्या दफनभूमीतल्या हाडांवरून २०११ मध्ये ते पक्कं झालं. हात कमी उरले तेव्हा इंग्लंडमधल्या मजुरांनी जास्त मजुरी मागितली. १३५१ मध्ये संसदेने कायदा करून मजुरी जुन्या दरावर बांधायला पाहिली, आणि साठत गेलेला राग १३८१ मध्ये शेतकऱ्यांच्या उठावात बाहेर पडला. पश्चिम युरोपात भूदासपण, म्हणजे शेतकऱ्याला जमिनीशी आणि धन्याशी जखडून ठेवणारी रीत, हळूहळू ढिलं झालं, पूर्वेकडे पुढच्या शतकांत ते उलट आवळलं गेलं. रोग एक, परिणाम दोन. ‘प्लेगमुळे भूदासपण संपलं’ असं एका वाक्यात लिहिणाऱ्या पुस्तकावर खूण करून ठेवा.

लॅटिन आणि ग्रीक शिकावंच लागतं का?

वाचनासाठी नाही, संशोधनासाठी हो. शाळेत संस्कृत झालं असेल तर विभक्ती म्हटलं की घाम फुटत नाही, आणि हा फायदा लहान नाही. ‘माटेर’, ‘सेप्टेम’, ‘इग्निस’ हे माता, सप्त, अग्नी यांचे सख्खे नातलग आहेत. मोडी येत असेल तर आणखी बरं. जुन्या हस्तलिखितांतली जोडून लिहिण्याची आणि शब्द तोडण्याची खोड वेगळी असली तरी डोळ्याला लागणारा धीर तोच.

स्पर्धा परीक्षेला उपयोग होईल का?

थेट फारसा नाही. केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या सामान्य अध्ययनात जगाचा इतिहास अठराव्या शतकापासून आहे आणि इतिहास या वैकल्पिक विषयात तो ज्ञानोदयापासून सुरू होतो. फक्त गुणांसाठी वाचायचं असेल तर वेळ दुसरीकडे द्या.

साधनं कुठे मिळतील?

मूळ साधनांची इंग्रजी भाषांतरं न्यूयॉर्कच्या फोर्डम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट आहेत, ग्रीक-लॅटिन ग्रंथ ‘पर्सियस’ या संग्रहात भाषांतरासह आहेत, आणि विंडोलांडाच्या पट्ट्यांची छायाचित्रंही पाहता येतात. मराठीत विश्वकोशाच्या नोंदी पहिल्या ओळखीला चांगल्या. मुंबईत असाल तर एशियाटिक सोसायटीच्या संग्रहात दान्तेच्या महाकाव्याचं मध्ययुगीन हस्तलिखित आहे हे ठाऊक असू द्या. ते रोज बघायला मिळत नाही, पण ते इथे आहे.

मराठीतून या विषयात नवीन काही करता येईल का?

फार काही. पणजीच्या पुराभिलेखागारात सोळाव्या शतकापासूनचे पोर्तुगीज कागद आहेत, पुण्यात पेशवे दप्तर आहे. पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही वाचणारी माणसं मात्र बोटांवर मोजण्याइतकी. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली तेव्हाची हकीकत दोन्ही बाजूंच्या कागदांत आहे आणि ती एकमेकांशेजारी ठेवून वाचायची आहे.

कागदांपाशी जायच्या आधी वाईजवळ मेणवलीच्या घाटावर जाऊन या. पोर्तुगिजांच्या चर्चमधून आलेली मोठी घंटा तिथे शंकराच्या देवळाजवळ टांगलेली आहे, आणि तिच्या ओतीव धातूवर बाळ येशूला घेतलेली मारिया अजून दिसते.